साडेतीनच्या खाली नाही

बत्तीकाकूंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, आणि त्याची त्यांना काडीइतकी लाज नव्हती. खाणीच्या तोंडाशी जे बत्तीघर होतं, त्याच्या जाळीच्या खिडकीमागे त्या एकोणीस वर्षं बसत आल्या होत्या. खाणीतून वर येणारा माणूस धुळीनं इतका काळा झालेला असे की मुकादम कोण आणि हमाल कोण हे त्यांच्या आयांनाही सांगता आलं नसतं. मग काकूंनी सोपा मार्ग काढला. ज्याची जी बत्ती, तेच त्याचं नाव. "एकशे बाराला मुलगी झाली." "तीसचं आणि अठ्ठावीसचं पुन्हा वाजलं." घरच्या एका कार्याचं आमंत्रण धाडताना त्यांनी पाकिटावर चक्क 'श्री. दोनशे सतरा, सहकुटुंब' असं लिहिलं होतं. दोनशे सतरा सहकुटुंब आले आणि पोटभर जेवूनही गेले.

काम वरवर पाहता सोपं होतं. पाळीवर जाणारा माणूस खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा, काकू तो खिळ्याला अडकवून त्याच नंबरची बत्ती बाहेर सरकवायच्या. दिवा टोपीवर बसायचा, त्याची वायर पाठीवरून खाली उतरायची, आणि कमरेच्या पट्ट्याला विटेएवढा डबा लटकायचा. तो डबा म्हणजे बॅटरी. आत शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिड. पाळी संपली की बत्ती परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला उरला याचा अर्थ माणूस अजून खाली आहे. अशा वेळी काकू खुर्चीतून उठत नसत, मग घरी कुणी वाट पाहत असो की दूध उतू जात असो.

त्यांचा स्वतःचा नवरा सत्तेचाळीस. एकोणीस वर्षांपूर्वी छताचा एक दगड त्याच्या मांडीवर बसला. माणूस वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. कंपनीनं मन मोठं केल्याचा आव आणला आणि त्याच्या जागी बायकोला नोकरी दिली. खाली नको, वर, बत्तीघरात. त्याआधी तिथे जो गृहस्थ होता, त्याचा जीव बत्तीपेक्षा बाटलीत जास्त. बॅटरीत शुद्ध पाणी घालायचं, तिथे तो नळाचं घाली. स्वतःच्या पेल्यात मात्र पाण्याचा थेंब पडू देत नसे. सत्तेचाळीस दगडाखाली चार तास होता. त्याची बत्ती एका तासातच गेली होती. यावर तो घरी एकदाच बोलला होता. "बत्ती गेली होती," एवढंच. पुढे कुणी विचारलं तर भाजीत मीठ किती टाकू असं विचारायचा.

काकूंना हे काम शिकवलं एका म्हाताऱ्या फिटरनं. पहिल्याच दिवशी त्यानं त्यांच्या हातात व्होल्ट मोजायचा मीटर दिला.

"हे बघ पोरी, बॅटरीला शेवटपर्यंत पिळायचं नसतं. भरलेली असते तेव्हा काटा चारच्या वर. उतरत उतरत साडेतीनवर आला की थांबायचं. त्याखाली दिवा जळत नाही असं नाही. जळतो. तेच तर त्याचं सोंग. जळतोय म्हणून लोक जाळत राहतात, आणि आत पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. मग ती बॅटरी भरल्यासारखी दिसते, पण आत काही राहत नाही."

"आपल्या साहेबांसारखी," नव्यानंच नोकरीला लागलेल्या काकू म्हणाल्या. फिटर इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि त्यानंतर त्यानं त्यांना होतं नव्हतं तेवढं सगळं शिकवलं. असल्या थकलेल्या बॅटरीला पुन्हापुन्हा भरायला लावलं की ती तापते, फुगते, डब्याला केसाएवढी चीर जाते आणि ॲसिड झिरपतं. झिरपलेलं पुसायला खायचा सोडा. अंगावर आलं तर सोडा नाही, नुसतं पाणी, आणि पाणी थोडंथोडकं नाही, धो धो. आणि शेवटचं म्हणजे चाचणी. बत्ती टेबलावर लावून ठेवायची, तासातासानं मीटर लावायचा. साडेतीनवर यायला अकरा तास लागले पाहिजेत. पाळी तर आठच तासांची, असं काकूंनी म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "आठ पाळीचे, तीन नशिबाचे." सत्तेचाळीसच्या बायकोला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

तर अशी ही बाई. फिटर निवृत्त झाला, वारलाही, आणि काकू मात्र तीनशे दहा बत्त्यांवर सासू होऊन बसल्या. प्रत्येकीची चाचणी, प्रत्येकीची नोंद. ज्या बत्त्या अकरा तास टिकत नव्हत्या, त्यांच्या डब्यावर लाल खडूनं फुली, खाली किती वेळ टिकली तो आकडा, आणि रवानगी मागच्या फळीवर. फळीवरच्या बत्त्यांची संख्या वाढत वाढत अडतीस झाली. उरलेल्या बत्त्यांत तिन्ही पाळ्या भागवताना त्यांच्या नाकी नऊ येत. एकाच्या कमरेवरून उतरलेली बत्ती पुरती भरायच्या आत दुसऱ्याच्या कमरेला बांधायची वेळ येई. आणि दमवलेली चांगली बत्तीही एक दिवस फळीवरच जाणार, हे त्यांना दिसत होतं.

गळतीचा खरा पुरावा मात्र बत्तीघरात सापडला नाही. तो सापडला काकूंच्या नणंदेच्या शिलाई मशीनवर. ही नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची आणि अर्ध्या खाणीच्या कपड्यांची ठिगळं तिच्याकडे यायची. एके दिवशी ती सात विजारी काखोटीला मारून वहिनीच्या दारात उभी राहिली.

"वहिनी, तुमच्या खाणीतली माणसं बसतात तरी कशावर हो?"

"का? काय झालं?"

तिनं साती विजारी ओट्यावर पसरल्या. प्रत्येकीला भोक, आणि भोक एकाच जागी. मागे, उजवीकडे, खिशाच्या जरा खाली. कापड फाटलेलं नव्हतं, विरून गेलं होतं. बोट लावलं की पिठासारखं झडत होतं.

"गेल्या वर्षी महिन्याला दोन यायच्या," नणंद म्हणाली. "आता आठवड्याला सात. माझी काही तक्रार नाही म्हणा. तुमच्या बत्त्या अशाच गळू द्यात, पुढच्या वर्षी मी दुसरं मशीन घेते."

काकूंना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीत येणाऱ्या प्रत्येकाला विजार कुठे फाटली ते विचारायला सुरुवात केली. पुरुषमाणसं लाजली, मागे वळून पळाली. एकट्या एकशे बाराला लाज हा प्रकार ठाऊक नव्हता. तो खाणीतला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. त्यानं खिडकीकडे पाठ केली आणि सरळ कमरेचं कापड खाली ओढलं.

"बघा काकू. पंधरा दिवस पालथा झोपतोय. बायको विचारते, खाणीत काम करता की शेकोटीवर बसता?"

"पुरे, पुरे! तेवढंच दाखव जेवढं भाजलंय," काकू ओरडल्या. पण चष्मा लावून त्यांनी नीट पाहिलं. तळहाताएवढा लाल पट्टा, कडेनं कातडी सोललेली. एकशे बाराची बत्ती आदल्या महिन्यातच चाचणीत जेमतेम पास झाली होती. त्यांनी डबा उलटा केला. तळाला चीर होती, चिरेवर पांढरी भुकटी. ती बत्ती त्याच क्षणी फळीवर गेली, आणि आकडा एकोणचाळीस झाला.

मग त्या स्टोअरकीपरकडे गेल्या. याच्या मिशा त्याच्या कामापेक्षा कितीतरी नीटनेटक्या होत्या.

"नव्या बॅटऱ्यांची मागणी वर पाठवलीय," तो मिशीला पीळ देत म्हणाला.

"वर म्हणजे कुठे? देवाकडे? तीन वर्षं झाली."

"तुम्ही साहेबांशी बोला."

साहेब म्हणजे खाणीचे मॅनेजर. बुटके, टापटीप, आणि सुरक्षा या विषयावर भाषण द्यायला झोपेतून उठवलं तरी तयार. त्यांच्या कचेरीत भिंतीवर सुरक्षेच्या तीन पाट्या होत्या, आणि तिन्ही त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या. ते काकूंबरोबर बत्तीघरात आले, फळीवरची एक बत्ती उचलली, खटका दाबला. दिवा लागला.

"लागली की!"

"लागणारच साहेब. भरून ठेवलीय. ही दोन तास दहा मिनिटांत साडेतीनच्या खाली जाते, आणि मग लगेच विझते. दोनशे नऊ नंबरची ही, वेळ खाली खडूनं लिहिलीय बघा."

"बाई, दिवा पेटला की दिवा चांगला. हे व्होल्ट-बिल्ट तुम्ही कुठून शिकलात? उद्यापासून या सगळ्या बत्त्या वापरात घ्या."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण एकोणीस वर्षं खिडकीमागे बसून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. त्यांनी नोंदवही उघडली आणि पेन पुढे केलं. "जरूर साहेब. फक्त तुम्ही तपासल्याची सही हवी. प्रत्येक बत्तीसमोर."

साहेबांनी एकोणचाळीस सह्या ठोकल्या. विसाव्या सहीला त्यांचा हात दुखू लागला, तिसाव्याला त्यांचं नाव निम्मं झालं, आणि शेवटच्या दहा सह्या म्हणजे नुसतीच वेडीवाकडी रेघ. सह्या करून ते गेले. काकूंनी वही मिटली आणि एकही बत्ती फळीवरून खाली काढली नाही. त्यांनी तिन्ही पाळ्या आपल्या चांगल्या बत्त्यांवरच ओढल्या, आणि कुणी विचारलं तर आज भरायला लावल्यात असं सांगू लागल्या. खोटं बोलताना त्यांचा चेहरा अगदी देवभोळा व्हायचा. दोन महिने असेच गेले.

मग मुख्य कचेरीतून पाहुण्या आल्या. पन्नाशीच्या, उंच, जाड भिंगाचा चष्मा, आणि हातात छोटी वही. खाणीतलं नवं काम पाहून अहवाल लिहायला आल्या होत्या. साहेब त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होते आणि वाटेत येणारी प्रत्येक वस्तू आपणच शोधून काढल्याच्या थाटात दाखवत होते. सकाळचे नऊ वाजले होते, पहिली पाळी केव्हाच खाली गेली होती. बत्तीघरात येताच पाहुण्यांची नजर मागच्या फळीवर गेली.

"या लाल फुल्या कसल्या? या बत्त्या बाद आहेत?"

काकूंनी तोंड उघडलं, पण साहेबांनी ते मिटायला लावलं. "छे, छे! बाद कशाला? मी स्वतः तपासल्यात. एकूण एक. सह्या आहेत माझ्या."

"मग वापरात का नाहीत?"

"आहेत ना! मी स्वतः वापरतो," साहेब म्हणाले, आणि हे सिद्ध करायला त्यांनी फळीवरून हाताला लागेल ती बत्ती ओढली. ती नेमकी दोनशे नऊ.

"साहेब, ती नको," काकू म्हणाल्या. "ही घ्या, एकसष्ट नंबर, चांगली आहे."

"हीच चांगली आहे."

"साहेब, दोन तास दहा मिनिटं. आणि तळाशी चीर आहे."

"बाई, तुमचं ते घड्याळ आणि तुम्ही!" साहेब पाहुण्यांकडे पाहून हसले. पट्टा त्यांनी कसून बांधला. पाहुण्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काकूंना विचारलं, "दोन तास दहा मिनिटं हे कसं कळलं?"

काकूंनी मीटर, टेबल आणि नोंदवही दाखवली. पाहुण्यांनी दोनच पानं चाळली, चष्मा वर सरकवला.

"तुम्ही खाली गेला आहात कधी?"

"नाही. एकोणीस वर्षांत नाही."

"आज चला आमच्याबरोबर. घड्याळ घ्या."

"अहो, पण खाली बायकांना..." साहेबांनी सुरुवात केली.

"आणि मी कोण दिसते तुम्हाला?" पाहुण्या म्हणाल्या.

अशा रीतीनं बत्तीकाकू आयुष्यात पहिल्यांदा खाणीत उतरल्या. पायात कुणाचेतरी दोन नंबर मोठे गमबूट, आत कागदाचे बोळे. एक बत्ती टोपीवर, आणि एकसष्ट नंबर काखेत, कारण साहेबांवर त्यांचा राग असला तरी साहेबांना अंधारात सोडायची त्यांची तयारी नव्हती. वाट दाखवायला मुकादम. पिंजरा खाली सुटला तेव्हा पोट वरच राहिलं आणि काकू तेवढ्या खाली गेल्या असं त्यांना वाटलं. त्यांनी मुकादमाचा दंड घट्ट धरला आणि तळाला पोचल्यावर, "पडशील म्हणून धरला होता," असं सांगून सोडला.

खाली चालायचं भरपूर होतं. आधी रुंद बोगदा, मग अरुंद, मग वाकून जायचा. साहेब वाकत होते, त्यांचा डबा प्रत्येक वेळी भिंतीला घासत होता. "साहेब, डबा सांभाळा," त्या तीनदा म्हणाल्या. चौथ्यांदा म्हणायचं त्यांनी सोडून दिलं.

सव्वाअकराच्या सुमारास मंडळी नव्या कामाच्या जागी पोचली. तिथे एकशे बाराची टोळी होती. साहेबांनी सगळ्यांना थांबवलं, एका ओंडक्यावर उभे राहिले आणि पाहुण्यांसमोर सुरक्षेवर बोलू लागले. "आपल्या खाणीत माणसाचा जीव हीच सगळ्यात मोठी..." एवढ्यात त्यांच्या टोपीवरचा दिवा पिवळा झाला. मग तांबूस. मग नुसती एक लाल तार दिसत राहिली, आणि तीही गेली. साहेबांचा चेहरा अंधारात बुडाला, पण आवाज आणखी दोन वाक्यं चालू होता.

काकूंनी घड्याळावर आपला प्रकाश टाकला. "दोन तास चार मिनिटं," त्या म्हणाल्या, आणि खरोखर हिरमुसल्या. "सहा मिनिटांनी चुकले."

टोळीतल्या कुणीतरी फिस्स केलं. साहेब काहीतरी खडसावणार होते, पण त्याऐवजी त्यांनी कंबर खाजवली. मग पुन्हा खाजवली. मग ओंडक्यावरून उडी मारली आणि एका पायावर नाचायला लागले.

"चावलं! काहीतरी चावलं!"

"चावलं नाही, गळलं," काकू म्हणाल्या. चेष्टा तिथेच संपली. त्यांनी झटक्यात साहेबांचा पट्टा सोडला, डबा लांब ठेवला. "विजार काढा."

"काय?"

"विजार काढा म्हणते! पाणी आणा रे, सगळ्यांचं पाणी!"

"बाई, पाहुण्यांसमोर..."

"साहेब, ते ॲसिड आहे. त्याला पाहुणे कळत नाहीत."

साहेबांना ते पटलं असावं, किंवा तोवर पुरतं भाजलं असावं. विजार उतरली. आत बारीक बारीक बदकांची नक्षी असलेली चड्डी होती, आणि ती खाणीतल्या अकरा दिव्यांच्या झोतात अगदी स्पष्ट दिसली. काकूंनी साहेबांना ओंडक्यावर पालथं पाडलं आणि पाण्याच्या बाटल्या ओतायला सुरुवात केली. एकशे बाराची ओतली, टोळीची ओतली, मुकादमाची ओतली. शेवटी पाहुण्यांनी आपली स्वतःची बाटली पुढे केली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काकूंनी घड्याळ लावून पुरती पंधरा मिनिटं साहेबांना भिजवलं.

"पंधरा दिवस पालथं झोपावं लागतं साहेब," एकशे बारानं आपुलकीनं माहिती दिली. "उशी पोटाखाली घ्यायची. सवय होते." आणि मग स्वतःचा कोट काढून साहेबांच्या कमरेभोवती गुंडाळला. तो पुढे महिनाभर ही हकिकत सांगत फिरला, आणि प्रत्येक सांगण्यात बदकं मोठी होत गेली. पण कोट त्यानंच दिला होता.

एकसष्ट नंबरची बत्ती साहेबांच्या टोपीवर चढली आणि मंडळी परत निघाली. एका वळणावर मुकादम थांबला. तिथे भिंतीला नवे खांब दिले होते, छताला जाळी होती, बाकी काही नव्हतं.

"काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "हीच ती जागा. सत्तेचाळीसची."

काकू उभ्या राहिल्या. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "एक मिनिट सगळे दिवे घालवाल का?"

पाहुण्यांनी कारण विचारलं नाही. एकेक खटका वाजला.

घरातले दिवे गेले की जो होतो तो अंधार काकूंना माहीत होता. त्यात खिडकी असते, दाराखालची फट असते, थोड्या वेळानं कपाट दिसू लागतं. इथे काहीच दिसू लागलं नाही. आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे त्यांना बोटानं चाचपून पाहावं लागलं. कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता. आपल्याच श्वासाचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. त्यांनी आकडे मोजायला घेतले. चाळिसाव्याला त्यांना वाटलं, मिनिट होऊन गेलं असणार. पन्नासाव्याला वाटलं, सगळे आपल्याला सोडून निघून गेले. तो इथे अशा अंधारात तीन तास होता, मांडीवर दगड घेऊन. त्याआधीचा एक तास दिव्याचा होता, एवढंच काय ते.

"आता लावा," अंधारातून साहेबांचा आवाज आला. अगदी बारीक. "कृपा करून लावा."

दिवे लागले. काकूंचे गाल ओले होते, पण धुळीमुळे ते कुणाला कळायची भीती नव्हती.

त्या दिवशी त्या घरी पोचल्या तेव्हा सत्तेचाळीस ओट्याशी स्टुलावर बसून कांदा चिरत होता. पाय अधू झाल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडेच होता, आणि खरं सांगायचं तर काकूंपेक्षा त्याच्या हाताला चव जास्त होती. त्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खाली गेली होतीस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कानात बघ जा आरशात."

काकूंनी मोरीत तोंड धुतलं, बाहेर आल्या, त्याच्या शेजारी दुसरा कांदा घेऊन बसल्या.

"ती जागा पाहिली," त्या म्हणाल्या. "दिवे घालवून पाहिली. एकच मिनिट. मला नाही सोसलं हो."

त्याची सुरी थांबली. "मी गाणी म्हणत होतो," तो म्हणाला. "येत होती तेवढी सगळी म्हणून झाली. मग पाढे म्हटले. एकोणतीसचा कधी पाठ नव्हता, तिथं झाला." आणि मग तो बोलतच राहिला. भाजी करपली, ती तशीच दोघांनी खाल्ली, आणि एकोणीस वर्षांत जे निघालं नव्हतं ते त्या दुपारी सगळं निघालं. तहान किती लागली होती, कुणाकुणाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, आणि सगळ्यात आधी मुकादमाचा दिवा दिसला तेव्हा तो त्याला रागानं म्हणाला होता, "केवढा उशीर!" काकू ऐकत होत्या. मधेच हसत होत्या, मधेच कांद्याच्या नावानं डोळे पुसत होत्या.

पाहुण्यांच्या अहवालाचा परिणाम काय झाला? साहेबांना बढती मिळाली. त्यांना मुख्य कचेरीत सुरक्षा सल्लागार म्हणून नेण्यात आलं, तिथे त्यांना बसायला मऊ खुर्ची मिळाली आणि भाषणांना मोठी सभागृहं. ते ऐकून काकू दोन दिवस कपाळाला हात लावून बसल्या. पण सात महिन्यांनी नव्या बत्त्या आल्या, हे मात्र खरं. मुठीत मावतील एवढ्या, सगळं टोपीवरच, कमरेला काही नाही, आत ॲसिडचा थेंब नाही. लिथियमच्या. चार्ज संपत आला की तीनदा डोळा मारायच्या, आणि ठरलेल्या मर्यादेला आल्या की बॅटरी मरू नये म्हणून आपल्या आपण बंद व्हायच्या. नणंदेनं शोक व्यक्त केला. तिचं दुसरं मशीन घ्यायचं राहूनच गेलं.

नवं आलं तशी नवी डोकेदुखीही आली. चाळीस बत्त्या जास्तीच्या होत्या, त्या स्टोअरकीपरनं खोक्यासकट ओलसर कोपऱ्यात रचल्या आणि वर्षभर विसरून गेला. काकूंनी मागितल्या तेव्हा एकही लागेना. मीटर लावला तर काटा जागचा हलेना.

"या गेल्या," काकू म्हणाल्या. "अर्ध्या भरून ठेवायच्या असतात, दर तीन महिन्यांनी पाहायच्या असतात. मर्यादेच्या इतक्या खाली गेलेली बॅटरी पुन्हा भरायची नाही. आत बिघडलेली असते, पेट घेते."

"तुमच्या चार्जरला जमत नसेल," स्टोअरकीपर म्हणाला. "नव्या चार्जरला नखरे फार. माझ्याकडे मोटारीचा आहे."

"हात लावू नका."

त्यानं लावला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, काकू डबा खायला गेल्या असताना. बत्ती उघडून तारा थेट आतल्या बॅटरीला जोडल्या. बॅटरी आधी पोट धरून फुगली, मग शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला, आणि स्टोअरच्या खिडकीतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. काकू तोंडात घास घेऊन धावल्या. त्यांनी आधी खटका बंद केला, मग सांडशीनं ती बत्ती उचलली, हात लांब धरून बाहेर वाळूच्या ढिगाऱ्यावर नेली आणि वर दोन बादल्या वाळू ओतली. मग त्या आत आल्या. स्टोअरकीपर भिंतीला चिकटून उभा होता. सुखरूप होता, पण त्याच्या उजव्या मिशीच्या जागी आता काही नव्हतं.

"दुसरीही काढून टाका," काकूंनी सल्ला दिला. "नाहीतर लोक विचारत बसतील."

त्यानं काढली. आश्चर्य म्हणजे मिशीबरोबर त्याचा ताठाही गेला. पुढच्या सोमवारी तो स्वतःहून वही घेऊन बत्तीघरात आला आणि अर्धी भरलेली म्हणजे नेमकी किती, हे विचारून लिहून घेऊ लागला.

आता काकू महिन्यातून एकदा खाली जातात. नव्या मॅनेजरनं तशी परवानगी दिली आहे, म्हणजे काकूंनी त्याला नाही म्हणायला फुरसतच दिली नाही. खाली जाऊन त्या प्रत्येकाच्या टोपीखाली वाकून पाहतात, बत्ती डोळा मारत असताना कोण कानाडोळा करून काम ओढतोय ते शोधतात, आणि सापडला की चारचौघांत त्याचा नंबर घेऊन त्याची हजेरी घेतात. एकशे बाराची तर त्यांनी पाठच धरली आहे. पूर्वी वर आल्यावर बोलणी खावी लागत, आता जमिनीखाली दोनशे मीटरवरही सुटका नाही, असं तो सगळ्यांना सांगत असतो. परवा त्याची बत्ती बंद पडायच्या आत तो निमूटपणे पिंजऱ्याशी येऊन उभा राहिलेला काकूंना दिसला. त्यांनी घड्याळ पाहिलं, वर बत्तीघरात आल्यावर मीटर लावला आणि काही न बोलता खिळ्यावरचा त्याचा बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. काकू काही बोलल्या नाहीत म्हणून एकशे बारा घरी जाईपर्यंत अस्वस्थ होता.